डोळे मिटले की कामांची यादी सुरू होते

चाळिशी ओलांडलेल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पूर्णवेळ नोकरी, दोन शाळकरी मुलं, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. गेल्या वर्षभरात चिडचिड वाढली, रात्री मध्येच जाग येऊ लागली, म्हणून त्यांनी ध्यान करायचं ठरवलं. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं आणि पहाटे उठून रोज वीस मिनिटं बसायचा नेम केला. नेम टिकला नाही. डोळे मिटले की दिवसभरातल्या कामांची यादी सुरू होते, ती थांबवायला गेलं की आणखी जोरात चालते आणि बसताना होत्या त्यापेक्षा जास्त वैतागून त्या उठतात. एकदा मुलांच्या भांडणामुळे मध्येच डोळे उघडावे लागले, तेव्हा त्या इतक्या ओरडल्या की नंतर स्वतःचीच लाज वाटली. धाकटी बहीण रोज तासभर ध्यान करते आणि ‘मन शांत ठेवायला शिक’ असं सांगते. एक मैत्रीण दहा दिवसांच्या निवासी मौन शिबिराला चल म्हणून मागे लागली आहे. ताई विचारतात, ‘माझं मनच मुळात चंचल आहे का? मला हे जमण्यासारखं नसेल तर सोडून देऊ, की शिबिराला जाऊन एकदाचा सोक्षमोक्ष लावू?’

ताई,

सोडू नका, आणि शिबिरालाही इतक्यात जाऊ नका. एवढं सांगून थांबता आलं असतं, पण अशी पत्रं वरचेवर येतात आणि त्या सगळ्यांमागे एकच समजूत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणता, वीस मिनिटांत मन एकदाही रिकामं झालं नाही. मन रिकामं करायला तुम्हाला सांगितलं कोणी? ध्यानाच्या साध्या सरावात मागणी फार थोडी असते. लक्ष एका ठिकाणी ठेवायचं, बहुतेक वेळा श्वासावर. ते तिथून निघून गेलं की निघून गेलं हे ओळखायचं, आणि परत आणायचं. विचार येऊ नयेत अशी अट यात कुठेच नाही. विचार आलेच नाहीत, तर ओळखायचं काय आणि परत आणायचं काय?

आता तुमच्या त्या वीस मिनिटांकडे पुन्हा पाहा. यादी सुरू झाली. काही वेळानं ‘अरे, मी पुन्हा यादीत शिरले’ हे तुमच्या लक्षात आलं. हे लक्षात येणं हाच ध्यानाचा गाभा आहे आणि तो तुम्हाला जमत होता. बिनसत होतं ते त्याच्या पुढच्या पायरीवर. तिथून श्वासाकडे वळण्याऐवजी तुम्ही आधी यादीशी भांडलात आणि मग स्वतःशी. उठताना जो वैताग होता तो या दोन भांडणांचा होता.

विचारांशी असं भांडून जिंकता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना त्यांनी पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि विचार आलाच तर घंटी वाजवायला लावली. घंटी वाजतच राहिली. पुढे त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांना आधी मनाई केलेली नव्हती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात ते अस्वल जास्त वेळा आलं. तुमची यादी ‘थांब’ म्हटल्यावर जोरात का धावते, हे यावरून कळेल.

आणि चंचल मनाचं म्हणाल, तर अर्जुनाची तक्रार हीच होती. गीतेच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो की हे मन चंचल आहे, बळकट आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे. कृष्ण त्याला ‘तुझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं म्हणत नाही. मन आवरायला कठीण आहे हे तो आधी मान्य करतो, मग अभ्यास आणि वैराग्याचा मार्ग सांगतो. त्याच अध्यायात थोडं आधी सूचना आहे, की मन जिकडे जिकडे धावेल तिकडून त्याला मागे आणावं. ते धावणारच, हे गृहीत धरून दिलेली ही सूचना आहे.

सरावलेल्या माणसांचं मन एका जागी बसतं, असं तुम्हाला वाटत असेल तर आणखी एक सांगते. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात वेंडी हेसनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यानाचा सराव असलेल्या 14 जणांचा अभ्यास केला. मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात त्यांना श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि लक्ष भरकटल्याचं कळलं की एक बटण दाबायचं, असं ठरलं. ही माणसं नवशिकी नव्हती, तरी त्यांनाही बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागलं. भरकटणं, ते लक्षात येणं, परत वळणं आणि थोडा वेळ टिकणं अशा चार टप्प्यांचं चक्र संशोधकांनी मांडलं, आणि मन भरकटलेलं असताना व ते लक्षात येताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत हालचाल दिसली. लक्ष परत आणण्याची सवय लागते ती हे चक्र पुन्हा पुन्हा फिरल्यानं. गाताना तंबोऱ्याची तार उतरते, गायिका ती पुन्हा सुरात लावते आणि पुढे गाते. तार उतरली म्हणजे आपल्याला गाता येत नाही, असं ती धरून चालत नाही. तुमचं लक्ष पाच मिनिटांत वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आलं, तर तुम्ही वीस वेळा सराव केलात.

बहिणीच्या तासाभराशी तुलना करू नका. ती डोळे मिटून बसलेली तुम्हाला दिसते, त्या तासात तिच्या मनात काय चाललेलं असतं ते दिसत नाही. तिची परिस्थिती, तिच्या घरातली माणसं, तिचा वेळ, सगळंच वेगळं असणार.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू.

आधी पहाटेचं बसणं बंद करा. तुमची झोप मोडते आहे आणि उरलेल्या झोपेतून तुम्ही आणखी अर्धा तास कापून घेता, हे मला अजिबात पटलेलं नाही. अपुरी झोप झालेलं शरीर डोळे मिटले की एकतर पेंगतं, नाहीतर कुरकुरतं. ध्यानासाठी पहाटच हवी असं काही नाही. तुमच्या दिवसात जी गोष्ट न चुकता घडते, तिला हे बसणं जोडून द्या. कामाच्या ठिकाणी पोचल्यावर कॉम्प्युटर सुरू करण्याआधी, किंवा सासूबाईंचं औषधपाणी झाल्यावर त्या डोळा लावतात तेव्हा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असं ठरवलंत तर तो मिळणार नाही, हे घर चालवणाऱ्या बाईला मी वेगळं सांगायला नको.

वीस मिनिटं नकोत. पाच पुरेत. घड्याळात गजर लावा, म्हणजे ‘किती वेळ झाला’ हा विचार तरी कमी होईल. पहिल्या महिन्यात हात शिवशिवला तरी वेळ वाढवू नका. पाच मिनिटं रोज बसणारी व्यक्ती दोन महिन्यांनी आपणहून दहा मिनिटांवर जाते. वीस मिनिटांच्या धाकानं सुरुवात करणारी मात्र दोन आठवड्यांत थकते.

मांडी घालून बसणं गरजेचं नाही. साध्या खुर्चीत बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, हात मांडीवर, पाठ ताठ पण ताणलेली नाही. जमलं तर पाठ टेकू नका, त्यानं पेंग कमी येते. पण कंबर दुखत असेल तर खुशाल टेका. पतंजलींनी आसनाबद्दल दोनच अपेक्षा ठेवल्या आहेत, स्थिर असावं आणि सुखाचं असावं. खुर्चीत दोन्ही साधतात. डोळे मिटल्यावर यादी जोरात येत असेल तर अर्धवट उघडे ठेवा, नजर समोर जमिनीवर सैल सोडून द्या.

मग श्वास. इथे बरेच जण गडबड करतात. श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही, लांबवायचा नाही. तो जसा चालला आहे तसा जाणवू द्यायचा. सुरुवातीला हवं तर दोनतीन वेळा सावकाश श्वास सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि घेताना किंचित वाढतात, त्यामुळे लांब सोडलेल्या श्वासानं अंग सैल पडायला मदत होते. त्यानंतर त्याच्या मागे लागू नका. नाकपुड्यांपाशी हवेचा स्पर्श कळतो, छाती हलते, पोट वर-खाली होतं. यांपैकी जिथे जास्त स्पष्ट कळेल ती एक जागा धरा आणि त्या बैठकीत ती बदलू नका. प्रत्येक श्वास सोडताना मनात एक आकडा म्हणा, एकपासून दहापर्यंत, मग पुन्हा एक. मध्ये आकडा हरवेल, कधी तेरा-चौदापर्यंत जाल. कळलं की एकपासून सुरू करा. तिसऱ्याच आकड्यावर दहा वेळा परत यावं लागलं, तरी ती बैठक वाया गेलेली नाही.

तुमच्या यादीसाठी एक छोटा उपाय आहे. बसण्याआधी कागदावर डोक्यातली कामं भराभर लिहून काढा, दोन मिनिटंही लागत नाहीत. विसरण्याची भीती गेली की मन तीच तीच गोष्ट आठवून देण्याचं थोडं कमी करतं. तरी बसल्यावर यादी आलीच, तर तिला मनातल्या मनात नाव द्या, ‘काम’. राग आला तर ‘राग’. काळजी आली तर ‘काळजी’. एकच शब्द, त्यावर टीका नाही, आणि श्वासाकडे परत. नाव दिल्यानं आपण त्या विचारातून किंचित बाहेर येतो. परतताना स्वतःला दटावू नका. ज्या सुरात स्वतःला परत बोलावता, त्याचीही सवय लागते. दिवसभर तुम्ही स्वतःशी कशा बोलता, हे त्या पाच मिनिटांत फार स्वच्छ कळतं. तुमच्या पत्रातला स्वतःबद्दलचा सूर वाचताना मला काळजी वाटली, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की गुदमरल्यासारखं होतं, छातीत धडधडतं. असं कुणाला होत असेल तर श्वास सोडून द्या आणि तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श धरा, किंवा आजूबाजूचे आवाज ऐका. आवाज कसला, कुणाचा, बरा की वाईट, यात न शिरता नुसता येतो आणि जातो तसा. घरात शांतता नसणाऱ्यांनाही हे सोयीचं आहे, कारण ज्या आवाजाचा अडथळा वाटत होता त्याच्याकडेच लक्ष ठेवता येतं.

तुमच्या मुलांच्या भांडणाचा प्रसंग मला यासाठीच महत्त्वाचा वाटला. ध्यान करायचं म्हणजे घरानं चिडीचूप राहिलं पाहिजे, असं आपण मनात धरतो, आणि मग बाकीची माणसं अडथळा होऊन बसतात. मुलांना एकदा नीट सांगा, की आई पाच मिनिटं बसणार आहे, गजर होईपर्यंत कुणाला लागलं-खुपलं नसेल तर हाक मारायची नाही. पाच मिनिटं ती थांबू शकतात, वीस मिनिटं थांबतील अशी अपेक्षा अवघड आहे. तरी हाक आलीच तर डोळे उघडा, उठा, जे करायचं ते करा. बैठक मोडली तर मोडली. तुम्ही ओरडलात त्याची लाज वाटली, असं लिहिलंय. लाज बाजूला ठेवा आणि आठवून पाहा, ओरडण्याच्या आधी शरीरात काय झालं होतं? जबडा आवळला गेला होता का, खांदे वर आले होते का, कानशिलं गरम झाली होती? पुढच्या वेळी हे ओरडण्याच्या क्षणभर आधी कळलं, तर ओरडायचं की नाही हे ठरवायला तुम्हाला जागा मिळेल. राग येणारच. त्याची चाहूल आधी लागणं, एवढाच फरक या सरावातून अपेक्षित आहे आणि माझ्या मते तो मोठा आहे.

बैठकीच्या वेळेशिवाय दिवसात दोनतीन ठिकाणं अशी निवडा, जिथे तुमचे हात कामात असतात आणि डोकं भलतीकडे. हात धुताना पाण्याचा थंडावा, जिना चढताना पावलांचा दाब, फोन वाजल्यावर उचलण्याआधी एक श्वास. मात्र दिवसभर जागरूक राहायचा संकल्प करू नका. तुमच्या डोक्यावर कामं पुष्कळ आहेत, त्यात ही एक भर नको.

आता जरा अवघड विषय. तुमच्या पत्रात चिडचिडीचं कारण तुम्ही स्वतःच्या मनात शोधलं आहे. नोकरी, दोन मुलांचा अभ्यास, सासूबाईंची शुश्रूषा, रात्रीचं उठणं हे सगळं पत्रात आहे, पण कोण काय वाटून घेतं याबद्दल एक ओळही नाही. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर रात्रीचं उठणं दोघांत वाटून घेता येईल का? आठवड्यातून काही तास शुश्रूषेला कुणी येऊ शकेल का? जास्तीच्या कामाचा थकवा ध्यानानं उतरत नाही, तो काम कमी झाल्यानं उतरतो. ध्यानाचा वापर न्याय्य तक्रार गिळण्यासाठी होत असेल तर मी त्याच्या बाजूनं बोलणार नाही. पाच मिनिटं शांत बसल्यावर एखाद्या दिवशी ‘हे मला एकटीला झेपत नाही’ असं स्पष्ट जाणवेल. ते विचार म्हणून सोडून देऊ नका. उठल्यावर घरच्यांशी बोला.

मैत्रिणीच्या शिबिराबद्दल. दहा दिवसांची विपश्यना शिबिरं अनेकांना फार उपयोगी पडली आहेत. गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या शिबिरात दिवसाला साधारण दहा तास बसणं असतं. बोलणं, फोन, वाचन, लेखन सगळं बंद. पहिले तीन दिवस श्वासाचं निरीक्षण आणि चौथ्या दिवसापासून शरीरभर संवेदना पाहण्याची साधना. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, पण ती कस पाहणारी आहे. झोप मोडलेली असताना, घरची काळजी डोक्यात असताना, ‘जमतंय की नाही याचा सोक्षमोक्ष’ लावायला तिथे जाणं मला योग्य वाटत नाही. परीक्षा द्यायला म्हणून गेलात तर दहा दिवस स्वतःला गुण देत बसाल. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रासदायक अनुभव आल्याचंही अनेकांनी सांगितलं, आणि त्यांपैकी बरेच अनुभव दीर्घ, सखोल साधनेच्या काळातले होते. घाबरून जावं असं यात काही नाही, पण अशा शिबिराच्या अर्जात मानसिक आरोग्याबद्दल विचारतात ते उगीच नाही. तिथे खरी माहिती द्यावी. तुम्ही सहा-आठ महिने घरी नेमानं बसा, सासूबाईंची नीट सोय लावता येऊ द्या, आणि तेव्हाही ओढ वाटली तर जा.

एकटीनं टिकत नाही असं वाटलं तर मधला मार्गही आहे. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी त्रस्त रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा वर्ग आणि बाकीचे दिवस घरी सराव. त्याच धर्तीचे वर्ग आता ऑनलाइनही असतात. घर सोडावं लागत नाही आणि शंका विचारायला माणूस असतं.

अ‍ॅप ठेवायला हरकत नाही, फक्त सलग किती दिवस झाले हे दाखवणारी मोजणी बंद करून टाका. तिच्यामुळे एक दिवस चुकला की सगळं संपल्यासारखं वाटतं. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली यांनी नव्या सवयी कशा लागतात याचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला लोकांना 18 ते 254 दिवस, म्हणजे अगदी वेगवेगळा काळ लागला, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी बसा. भरपाई म्हणून दहा मिनिटं करू नका.

आणखी एक, आणि हे इतर वाचकांनीही लक्षात ठेवावं. झोप आठवडेच्या आठवडे मोडत असेल, कशातच रस वाटत नसेल, रडू आवरत नसेल, घाबरल्याचे झटके येत असतील, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. चाळिशीनंतर झोप आणि चिडचिड यांमागे थायरॉइड किंवा रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदलही असू शकतात, साध्या तपासण्यांनी ते कळतं. चालू औषधं ध्यान करतो म्हणून कुणीही आपल्या मनानं बंद करू नयेत. आणि एखाद्या जुन्या आघाताच्या आठवणी डोळे मिटल्यावर उसळून येत असतील, तर एकट्यानं बसू नका, समुपदेशकाच्या मदतीनं बसा.

आठ आठवड्यांनी स्वतःकडे पाहा, पण ‘मन शांत झालं का’ हा प्रश्न विचारू नका. चिडल्याचं पूर्वीपेक्षा लवकर लक्षात येतं का, रात्री जाग आल्यावर विचारांच्या मागे जाणं थोडं कमी झालं का, एवढं पाहा. 2014 मध्ये ध्यानाच्या परिणामांवरच्या 47 चाचण्या आणि साडेतीन हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानामुळे बेताची सुधारणा दिसली, आणि तिचा पुरावाही मध्यम दर्जाचाच होता. मात्र व्यायाम किंवा औषधं यांसारख्या इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरतं, असं काही आढळलं नाही. त्यामुळे आठ आठवड्यांनंतर तुम्हाला काहीच फरक जाणवला नाही, तर तोच वेळ भरभर चालायला द्या, किंवा गाण्याला, किंवा सरळ झोपेला. मला तेही तितकंच मान्य आहे.